अप्पांचा दम, कपभर चहा आणि पेशीबाहेर सांडलेलं एटीपी

गोळीवाली

बरेच महिने वाचनमात्र होते, आज लिहायला बसले कारण दुपारी दुकानात कुणी फिरकत नाही. सोलापुरात एप्रिलमध्ये एक ते चार रस्त्यावर कुत्रं नसतं, फक्त रसवंतीची घुंगरं ऐकू येतात. होटगी रोडला माझं छोटं मेडिकल आहे. फार्माकॉलॉजीत एम.फार्म केलं, मग लग्न, मग दुकान, आणि शिकलेलं सगळं गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापण्यात गेलं असं वाटायचं.

तर झालं काय, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आठवड्यात सासऱ्यांच्या (आम्ही अप्पा म्हणतो, वय ६९) छातीत कळ आली आणि एक स्टेंट पडला. घरी आले ते गोळ्यांची पिशवी घेऊन, त्यात रक्ताची गाठ होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या, ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. चौथ्या दिवशी अप्पा म्हणायला लागले दम लागतोय. जिना चढून नाही, खुर्चीत बसून पेपर वाचताना! मध्येच पेपर मांडीवर ठेवायचे, एक लांब श्वास ओढायचे, आणि परत चष्मा सरळ करून वाचायला लागायचे. आमच्या पोटात गोळा, परत पळालो, ईसीजी इको एक्सरे सगळं करून घेतलं, सगळं नॉर्मल. या गोळीने असं होऊ शकतं हे डिस्चार्ज देताना कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं आणि कागदावरही नव्हतं. पण तक्रार कुणाची करू, मी स्वतः फार्मासिस्ट, मलाच दोन दिवस सुचलं नाही. प्लेटो नावाची जी मोठी चाचणी २००९ मध्ये आली, १८ हजारांवर पेशंट होते, तिच्यात टिकाग्रेलॉरवाल्यांपैकी जवळपास १४ टक्क्यांना दम लागला होता आणि क्लोपिडोग्रेलवाल्यांपैकी (त्याच कामाची दुसरी गोळी) ८ टक्क्यांना. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे हो, मार्क पण मिळालेत.

डॉक्टरांनी गोळी बदलून क्लोपिडोग्रेल दिली, आठवड्याभरात दम गेला. पण माझी झोप गेली ती गेलीच, रात्री माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या आणि परत वाचताना जे डोक्यात बसलं ते इथे लिहिते.

शाळेत आपण शिकलो की एटीपी (ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे ॲडिनोसिनला जोडलेले तीन फॉस्फेट) म्हणजे पेशीचं चलन, ऊर्जेची नाणी. बरोबरच आहे. पण तेच एटीपी पेशीच्या बाहेर आलं की ते नाणं राहत नाही, निरोप होतो. सोलापूरकरांना सांगायचं तर सूत मागावर असतं तोवर त्याच्याकडे कोण बघत नाही, पण तेच सूत गल्लीभर गटारीपर्यंत पसरलेलं दिसलं की अख्खी गल्ली विचारते कुणाच्या कारखान्यात काय झालं. पेशीच्या आत एटीपी १ ते १० मिलिमोलर असतं, बाहेर नेहमीच्या वेळी नॅनोमोलरमध्ये, म्हणजे लाखो पटींचा फरक. त्यामुळे बाहेर जरासं जरी सांडलं तरी लगेच कळतं. आणि ते कळून घेणारे रिसेप्टर जवळपास सगळ्या पेशींवर बसलेले आहेत.

त्यांची दोन घराणी. पी२एक्स म्हणजे सरळ दरवाजा: तीन तुकडे एकत्र येऊन मध्ये भोक, एटीपी बसलं की काही मिलिसेकंदांत दार उघडतं आणि सोडियम कॅल्शियम आत घुसतं. पी२वाय म्हणजे दारावरची बेल, बेल वाजवणारा बाहेरच राहतो आणि आत जी-प्रोटीन उठून पुढची कामं लावतं. ते जरा सावकाश चालतं पण लांबपर्यंत पोचतं. पी२वाय घराण्याला एटीपीच लागतं असंही नाही, कुणाला एडीपी (एक फॉस्फेट तुटलेलं एटीपी), कुणाला त्याचे भाऊबंद यूटीपी, कुणाला यूडीपी, एकाला तर साखर जोडलेला यूडीपी-ग्लुकोज.

शिवाय बाहेर झाडूवाले आहेत. सीडी३९ आणि सीडी७३ नावाची एन्झाइम सांडलेल्या एटीपीचे फॉस्फेट एकेक करून तोडतात आणि शेवटी उरतं ॲडिनोसिन. आणि या केराचासुद्धा वेगळा निरोप आहे! त्याचे चार रिसेप्टर आहेत, ए१, ए२ए, ए२बी, ए३. एटीपी बोंबलतं "काहीतरी फुटलं", त्याच्याच मोडतोडीतून झालेलं ॲडिनोसिन बहुतेक ठिकाणी म्हणतं "शांत घ्या". हे वाचून मी एकटीच रात्री दीडला हसले.

आता अप्पांच्या गोळीचं. रक्तातल्या प्लेटलेट जखमेला चिकटल्या की स्वतःच्या पोटातल्या पिशव्यांतून एडीपी सोडतात, ते शेजारच्या प्लेटलेटवर दोन रिसेप्टरना लागतं. पी२वाय१ मुळे प्लेटलेटचा आकार बदलतो आणि गोळा व्हायला सुरुवात होते, पी२वाय१२ मुळे तो गोळा घट्ट राहतो. क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर तिन्ही पी२वाय१२ अडवतात. म्हणजे स्टेंट पडलेला तुमच्या गल्लीतला प्रत्येक काका रोज सकाळी एका न्यूक्लिओटाइड (एटीपी-एडीपीच्या जातीची द्रव्यं) रिसेप्टरला कुलूप लावतो आणि त्याला त्याचं नावही माहीत नसतं.

बाकी प्रश्न आले तर लिहीन, गिऱ्हाईक आलंय.

नववीब_वर्गशिक्षिका

गोळीवाली ताई, मस्त लिहिलंय, असं पुस्तकात का नसतं. मी विज्ञान शिकवते, एटीपी ऊर्जेचं चलन हे वाक्य माझ्याइतक्या वेळा कुणी फळ्यावर लिहिलं नसेल. पण मला पटत नाही एक गोष्ट. पेशी एवढ्या कष्टाने एटीपी बनवते मग ते बाहेर का टाकेल? निरोपासाठी दुसरं स्वस्त काहीतरी वापरलं नसतं का?

गोळीवाली

बाई, अगदी हाच प्रश्न विचारून मोठमोठ्या लोकांनी वीसेक वर्षं ही कल्पना हाणून पाडली होती. उत्तर साधं आहे: निरोपाला लागतं किती? आपलं शरीर दिवसभरात जवळपास स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतं आणि मोडतं, तेच तेच पुन्हा पुन्हा भरून. त्यातलं चिमूटभर बाहेर गेलं तर हिशेबात दिसणारही नाही. आणि स्वस्त म्हणाल तर प्रत्येक पेशीत आयतं पडलेलं, बाहेर जवळपास नसलेलं, आणि काम झालं की लगेच मोडून टाकता येणारं, याहून सोयीचं काय असणार?

आणि बाहेर जातं ते नेहमी फुटूनच असं नाही. नसांच्या (म्हणजे मज्जातंतूंच्या) टोकाला पिशव्यांतून सोडलं जातं, काही पेशी ताणल्या गेल्या की चॅनेलमधून सोडतात. मूत्राशय भरत आलं की त्याचं अस्तर ताणतं, एटीपी सोडतं, ते खालच्या नसेवरच्या पी२एक्स३ ला लागतं आणि आपल्याला कळतं की आता गाडी थांबवायला पाहिजे. पुण्याहून येताना टेंभुर्णीच्या पुढे होतं ते.

मागवाला_अशोकचौक

का बे, इथं सगळे डॉक्टर झालेत का 😀 ताई मला तुमचं निम्मं कळलं, पण एक सांगू का, एटीपी शोधणाऱ्यांत आपला माणूस आहे. आमच्या घरात तेलुगू बोलतात, आजोबांनी भिंतीवर यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा फोटो लावलेला. भीमवरमचे, अमेरिकेत हार्वर्डला फिस्के साहेबाबरोबर होते. १९२९ ला त्यांनी पण एटीपी काढलं होतं म्हणे. खरं का?

गोळीवाली

एकदम खरं. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोहमान आणि हार्वर्डला फिस्के-सुब्बाराव, दोन्हीकडे स्नायूंतून एटीपी वेगळं निघालं. त्याच्या दोन वर्षं आधी फॉस्फोक्रिएटिनही सुब्बारावांनीच दाखवलं होतं. पुढे ते औषध कंपनीत गेले, आणि हत्तीपायाच्या गोळ्या वाटायला आशाताई येतात ना, त्यातली डीईसी पण त्यांच्याच टीमच्या कामातून आलेली. आजोबांना सांगा फोटो बरोबर लावलाय.

आणि १९२९ हे सालच अजब आहे. त्याच वर्षी इंग्लंडात ड्रुरी आणि सेंट-ग्योर्गी यांनी हृदयाच्या अर्कातून आलेलं ॲडिनोसिनसारखं द्रव्य प्राण्यांना टोचून बघितलं तर ठोके मंदावले आणि रक्तवाहिन्या सैल झाल्या. म्हणजे पेशीच्या आतलं म्हणून जे सापडलं त्याचं बाहेरचं काम त्याच वर्षी दिसलं होतं! आणि ज्या माणसाने पुढे हे सगळं एका सूत्रात ओवलं तो जेफ्री बर्नस्टॉक, तोही १९२९ लाच लंडनमध्ये जन्मला. पत्रिकावाल्यांना चारा आहे हा.

निवृत्त_काजळीवाला

बर्नस्टॉकचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी ३१ वर्षं एका फार्मसी कॉलेजात लॅब असिस्टंट होतो. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण आमच्या वेळी काजळीचा ड्रम होता. ड्रमवर चकचकीत कागद ताणून चिकटवायचा, खाली रॉकेलची बत्ती धरून तो फिरवत काळा करायचा, एकसारखी काजळी बसली पाहिजे, जाड झाली की लेखणी अडकते. मग सकाळी खाटकाकडून आणलेल्या कोंबडीच्या आतड्याचा दोन-तीन सेंटीमीटर तुकडा टायरोड सोल्युशनमध्ये (क्षारांच्या पाण्यात) धुवून दोन्ही टोकांना दोरा बांधायचा, एक टोक खाली काचेच्या नळीला, दुसरं वर तरफेला. पाणी ३७ डिग्री, हवेचे बुडबुडे चालू. ॲसिटिलकोलीनचे (नसा ज्याने स्नायूला निरोप देतात ते द्रव्य) दोन थेंब टाकले की आतडं आकसतं आणि लेखणी काजळीत पांढरी रेघ ओढत वर जाते. त्याला अडवणारं ॲट्रोपिन टाकून परत तेच थेंब टाकले की लेखणी ढिम्म. पोरापोरींचे चेहरे बघण्यासारखे असायचे. शेवटी कागद लाखेच्या द्रावणात बुडवून दोरीवर वाळत घालायचा, माझ्या बऱ्याच शर्टांच्या बाह्या तशाच गेल्या.

आमचे एक सर नेहमी सांगायचे की बर्नस्टॉकचा शोध असल्याच आतड्याच्या पट्टीतून लागला. तो भाग ताईंनी सविस्तर लिहावा, मला आता नीट आठवत नाही.

गोळीवाली

काका, काय वर्णन केलंत! माझ्या बॅचला ड्रम होता पण कागद काळा करून तयार मिळायचा, करणारे तुमच्यासारखेच कुणीतरी असणार.

हो, तीच गोष्ट. १९६० च्या दशकाची सुरुवात, मेलबर्न. गिनीपिगच्या मोठ्या आतड्यावर लांबट स्नायूची पट्टी असते, तिनिया कोलाय, तिच्यावर बर्नस्टॉक आणि त्याचे सहकारी काम करत होते. तेव्हा समजूत अशी की अशा स्नायूला दोनच प्रकारच्या नसा, एक ॲसिटिलकोलीनवाली आणि एक नॉरॲड्रेनॅलिनवाली. यांनी औषधं घालून दोन्ही बंद केल्या आणि विजेचा झटका दिला. अपेक्षा ही की आता नसा गप्प, झटका थेट स्नायूला बसेल आणि तो आकसेल. तर पट्टी उलट सैल पडली! म्हणजे तिसरंच कोणीतरी हुकूम देतंय. पुढे फुगू माशाचं विष, टेट्रोडोटॉक्सिन, घालून बघितलं, ते नसांचे सिग्नल मारतं. ते घातल्यावर सैल पडणं थांबलं. म्हणजे हुकूम नसेतूनच येत होता.

मग ते द्रव्य कोणतं हे शोधण्यात काही वर्षं गेली आणि १९७० ला त्यांनी एटीपीचं नाव घेतलं, १९७२ ला "प्युरिनर्जिक" हा शब्द काढला (एटीपी प्युरिन कुळातलं, म्हणून). लोक हसले. इंग्रजीत त्या शब्दाची मोडतोड करून "निव्वळ-कल्पना-र्जिक" अशा अर्थाची थट्टा चालायची. खरं तर १९५९ लाच पामेला होल्टन या बाईंनी सशाच्या कानातली संवेदी नस उत्तेजित केल्यावर एटीपी बाहेर येतं हे दाखवलं होतं, पण त्यांचं नाव वर्गात कुणी घेत नाही, आमच्याही घेतलं नव्हतं. १९७८ ला बर्नस्टॉकने रिसेप्टरची ॲडिनोसिनचे पी१ आणि एटीपी-एडीपीचे पी२ अशी वाटणी केली, १९८५ ला चार्ल्स केनेडीबरोबर पी२एक्स आणि पी२वाय. तरी विरोध गेला नाही. तोंडं बंद झाली ती १९९३-९४ ला, जेव्हा या रिसेप्टरचे जीनच हातात आले, आधी पी२वाय मग पी२एक्स. रिसेप्टर आहे पण त्याचा निरोप्या नाही असं कोण म्हणणार? बर्नस्टॉक २०२० ला गेला, म्हणजे सगळं खरं ठरलेलं बघून गेला. हे सगळ्यांच्या नशिबात नसतं.

सात_रस्ता

म्हणजे आतड्याची एक पट्टी उलट्या बाजूला हलली म्हणून माणसाने तीस वर्षं भांडण केलं. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून एवढंच चाललंय, निष्पन्न काही नाही.

बाय द वे पी२वाय चे नंबर १, २, ४, ६, ११, १२, १३, १४ असे दिसले नेटवर. मधले कुठं गेले? आमच्या पेठेतल्या घरनंबरासारखं झालंय, ७ नंतर डायरेक्ट ७६.

गोळीवाली

😂 कारण जवळपास तेच आहे, आधी नंबर वाटले मग मोजणी झाली. तिसरा कोंबडीतला निघाला, आठवा बेडकातला, सातवा तर न्यूक्लिओटाइडचा नव्हताच, ल्युकोट्राइन नावाच्या भलत्याच द्रव्याचा निघाला. असे गाळून माणसात आठ उरले. पी२एक्स मात्र सरळ एक ते सात.

रात्रपाळी_रेसिडेंट

ॲडिनोसिनचा उल्लेख आला म्हणून माझा अनुभव. कॅज्युअल्टीला पेशंट येतो, ठोके १८०-२००, एसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी फार वेगाची लय). मानेचे वगैरे उपाय करून नाही थांबलं तर ॲडिनोसिन ६ मिलिग्रॅम, मोठ्या शिरेतून झटक्यात, आणि मागोमाग लगेच सलाईनचा फ्लश, कारण रक्तात ते दहा सेकंदसुद्धा टिकत नाही, हळू दिलं तर हृदयापर्यंत पोचायच्या आत संपतं. नाही लागू पडलं तर १२. एव्ही नोडवरच्या (हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधलं सिग्नलचं नाकं) ए१ रिसेप्टरला लागून ते वरून खाली जाणारा सिग्नल क्षणभर तोडतं. मॉनिटरवर सरळ रेघ येते. दोन सेकंद, तीन सेकंद, चार... कितीही वेळा दिलं तरी त्या वेळी माझेच ठोके थांबतात. मग एक ठोका, दुसरा, आणि छान नॉर्मल लय. पेशंटला आधी सांगावं लागतं की "काका दहा सेकंद छाती दाबल्यासारखी होईल, जीव जातोय असं वाटेल, जाणार नाही". एका आजींनी त्या दहा सेकंदात माझा हात असा धरला की नखं उठली, आणि लय आल्यावर पहिलं वाक्य: "सिद्धरामेश्वरा, पोरगं घाबरलंय." दम्याच्या पेशंटला मात्र ते देत नाही, श्वासनळ्या आकसू शकतात.

ताई, टिकाग्रेलॉरच्या दमाचं कारण पण ॲडिनोसिनच ना?

गोळीवाली

आजी भारी 🙏

हो, एक मत तसं आहे. टिकाग्रेलॉर पी२वाय१२ तर अडवतंच, शिवाय पेशी ज्या वाटेने ॲडिनोसिन परत आत ओढून घेतात, ईएनटी१, ती वाटही थोडी बंद करतं. म्हणजे झाडूवाल्याने गोळा केलेला केर उचलायला घंटागाडीच येत नाही, बाहेर ॲडिनोसिन साठतं, आणि त्याने श्वासाच्या नसा चाळवल्या जातात असं म्हणतात. दुसरं मत असं की नसांवरच्या पी२वाय१२ चाच हा परिणाम. वाद आहे अजून. फुप्फुसात काही बिघडलेलं नसतं हे मात्र नक्की, म्हणून तर अप्पांचे सगळे रिपोर्ट कोरे आले.

मागवाला_अशोकचौक

ताई खोकल्याचं विचारायचं होतं. माझ्याकडं बारा माग आहेत, टॉवेल काढतो. वडलांना दोन वर्षं झाली कोरडा खोकला, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कारखान्यात गेले की छाती जास्त भरते, मग दोन-तीन दिवसांत जरा कमी होतं. भाचा पुण्याला असतो तो म्हणतो खोकल्यावर नवीन गोळी आली आहे ती याच रिसेप्टरवर चालते म्हणे. आणून देता का?

गोळीवाली

दादा, आधी गोळीचं सांगते मग मुख्य सांगते.

पी२एक्स३ हा रिसेप्टर संवेदी नसांवर असतो, श्वासनळीतल्या सुद्धा. तिथलं अस्तर चिडलं की एटीपी सोडतं, नस पेटते, ठसका लागतो. गेफापिक्सँट नावाची गोळी तो अडवते. जपानने २०२२ ला मान्य केली, युरोपने २०२३ ला, अमेरिकेने दोनदा परत पाठवली, कारण चाचणीत खोट्या गोळीनेसुद्धा खोकला बराच कमी झाला आणि खऱ्या गोळीचा फायदा त्याहून थोडासाच जास्त भरला. आणि वर तोंडाची चव जाते. निम्म्याहून जास्त लोकांना चवीचा त्रास झाला होता. कारण जिभेवरच्या चवकळ्या नसेला निरोप देतात तोही एटीपीनेच, आणि तो ऐकणारे पी२एक्स२ आणि पी२एक्स३. ज्या उंदरांमध्ये हे दोन्ही काढून टाकले त्यांना गोड-कडू काही कळेना, हे २००५ ला दाखवलेलं आहे.

पण तुमच्या वडलांचं जे वर्णन आहे, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरणं, ते सुताच्या धुळीच्या आजाराचं जुनं ओळखीचं लक्षण आहे, बिसिनोसिस म्हणतात. तिथं नस गप्प करून धूळ आत जातच राहिली तर काय उपयोग? उद्याच्या उद्या छातीच्या डॉक्टरांना दाखवा, थुंकी तपासून टीबी नाही ना हे आधी बघू द्या, फुंकायची टेस्ट करा, आणि कारखान्यात त्यांची जागा बदला. गोळी मी आणून देणार नाही, रागावू नका.

मागवाला_अशोकचौक

रागावतोय कशाला, तुम्ही माल विकायला नाही म्हणालात हेच लई झालं. चव जाणार असेल तर तसं पण नको, बाबांना शेंगाचटणी बेचव लागली तर ते मलाच मागात घालतील. उद्या जालालो दवाखान्यात.

ठेचाप्रेमी

मग मिरची लागते ती पण याच पी२एक्स३ मुळे का? कडक भाकरी आणि ठेचा खाताना जो जाळ होतो तो?

गोळीवाली

नाही, मिरचीचा दरवाजा वेगळा, टीआरपीव्ही१, तो गरम पाण्यानेही उघडतो, म्हणून तिखट खाल्ल्यावर वर गरम चहा प्यालात की ब्रह्मांड आठवतं. एटीपीचं दुखणं म्हणजे पेशी फुटल्याचं. १९७७ ला तर माणसांच्या हातावर फोड आणून, त्याची साल काढून, उघड्या कातडीवर एटीपी टाकून बघितलं होतं, दुखलंच. असे प्रयोग करून घेणाऱ्यांना नमस्कार.

फिटनेस_पार्कचौक

ओके मग एटीपी इतकं भारी आहे तर सप्लिमेंट घेतलं पाहिजे ना? आमच्या जिममध्ये एटीपीची कॅप्सूल विकतात. एनर्जी + रिसेप्टर दोन्ही.

रात्रपाळी_रेसिडेंट

भावा, पोटात गेलेलं एटीपी आतड्यातच तुकडे तुकडे होतं, रक्तात एटीपी म्हणून पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. आणि समजा पोचलं असतं तर तुला एनर्जी नाही, धोक्याची घंटा मिळाली असती. पी२एक्स७ नावाचा रिसेप्टर आहे, त्याला खूप जास्त एटीपी लागतं, म्हणजे मोठी नासधूस झाली तरच तो उघडतो. मग पांढऱ्या पेशींतून इंटरल्युकिन-१ बीटा बाहेर पडतं आणि सूज, ताप सगळं मागे येतं. त्याला अडवून संधिवात बरा होईल म्हणून कंपन्यांनी औषधं काढली, उंदरांत छान, माणसांत चाचण्या फसल्या. पैसे वाचव, हुरडा खा.

दाढदुखी_भवानीपेठ

हा धागा आधी वाचला असता तर बरं झालं असतं. मामांना स्टेंट पडून तीन महिने झाले होते, दाढ काढायची होती, कुणीतरी सांगितलं रक्त पातळ करायची गोळी आठ दिवस बंद ठेवा. कोण ते लिहीत नाही. मामांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या. सहाव्या दिवशी परत छातीत दुखून ॲडमिट, स्टेंटमध्येच गाठ. वाचले, पण परत सगळं करावं लागलं. एका दाढेपायी.

गोळीवाली

बापरे. हे मोठ्या अक्षरात लिहून दुकानात लावावंसं वाटतं. स्टेंटनंतर सुरुवातीचे महिने ही गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करायची नाही, दाढ असो की लग्न. बहुतेक वेळा एखादी दाढ गोळी चालू ठेवून काढता येते, रक्त जास्त वेळ दाबून धरावं लागतं एवढंच.

दिवसांचा हिशेब कुठून येतो तेही सांगते. क्लोपिडोग्रेल पी२वाय१२ ला कायमचं चिकटतं, ती प्लेटलेट मरेपर्यंत सुटका नाही. प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवस, रोज थोड्या नव्या येतात. म्हणून मोठ्या ऑपरेशनआधी डॉक्टर ही गोळी साधारण पाच दिवस आधी थांबवतात, प्रासुग्रेल सात दिवस. टिकाग्रेलॉर चिकटतं आणि सुटतं, म्हणून तर दिवसातून दोनदा. तिथं एक डोस चुकला तरी फरक पडतो.

अजून एक, काउंटरवर रोज दिसणारं. क्लोपिडोग्रेल गिळतो ते खरं औषध नसतंच. त्यातला मोठा भाग, ८५ टक्क्यांच्या आसपास, वाटेतच वाया जातो, उरलेल्यातून लिव्हर खरं औषध बनवतं, त्यात सीवायपी२सी१९ हे एन्झाइम मुख्य. काही लोकांचं हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं, आपल्याकडे असे लोक पुष्कळ आहेत, त्यांना गोळी कमी लागू पडते. अमेरिकेने २०१० ला याची ठळक चौकटीतली सूचना पाकिटात घालायला लावली. आणि ओमेप्राझोल, तीच आपली ॲसिडिटीची गोळी जी लोक शेंगदाण्यासारखी खातात, ती हेच एन्झाइम अडवते. त्यामुळे क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ॲसिडिटीला डॉक्टर बहुतेक पँटोप्राझोल लिहितात. आणि लोक येऊन म्हणतात "ते नको, आधीची द्या, ती सोसते." दिवसातून तीनदा तरी मी हे भांडण करते.

नववीब_वर्गशिक्षिका

ताई, शीर्षकात चहा लिहिलाय तो राहिला की!

गोळीवाली

हो की. दिवसभर मेंदू काम करतो तसं तिथं ॲडिनोसिन साठत जातं, ए१ आणि ए२ए ला लागून झोप आणतं. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याच खुर्चीत जाऊन बसतं पण काम काहीच करत नाही, फक्त जागा अडवतं. बसमध्ये रुमाल टाकून ठेवतात तसं. म्हणून तरतरी वाटते, ॲडिनोसिन तिथं उभंच असतं, रुमाल उचलला की बसतं. दम्याची जुनी गोळी थिओफायलिन, तीही याच रिसेप्टरना अडवते. आणि ए२ए अडवणारी इस्ट्राडेफायलिन पार्किन्सनसाठी जपानने २०१३ ला आणि अमेरिकेने २०१९ ला मान्य केली, म्हणजे नात्याने कॅफिनची पुतणीच.

रात्रपाळी_रेसिडेंट

म्हणूनच ॲडिनोसिन देऊन जी स्ट्रेस टेस्ट करतात तिच्याआधी चहा-कॉफी बंद सांगतात, १२ ते २४ तास. रुमाल टाकलेला असला तर टेस्ट खोटी येते. पेशंट ऐकत नाहीत हो.

गोळीवाली

अप्पांची तीच टेस्ट पुढच्या बुधवारी आहे. त्यांना आत्ता संध्याकाळी सांगितलं की मंगळवारपासून चहा नाही, चॉकलेट नाही, कोल्ड्रिंक नाही. पेपर मांडीवर ठेवला, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "दम लागला तेव्हा गोळी बदलली, आता चहा नाही म्हणून दम लागला तर काय बदलणार?" सासूबाईंनी चहाचा डबा देवघराच्या वरच्या फळीवर ठेवलाय. अप्पांना स्टुलावर चढायला डॉक्टरांनीच मनाई केली आहे.

मागवाला_अशोकचौक

अपडेट. बाबांना दाखवून आलो. टीबी नाही. फुंकायची टेस्ट झाली, पंप दिलाय, धुळीपासून लांब राहा म्हणाले. आजपासून त्यांना मागावरनं उठवून बाहेर घड्या घालायच्या टेबलावर बसवलंय, मास्क पण लावलाय. तासाभरात तीनदा आत येऊन "तो चौथा माग वेगळा वाजायलाय" म्हणून सांगून गेले. चौथ्याचा धोटा खरंच अडकला होता.